वाचनालयाच्या खोलीतली मशीन आणि ग्रामपंचायतीची लाईन

पत्र :

काका नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो, गावाचं नाव छापू नका. वय २३, बीकॉम झालं, सध्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहो. माझा मामेभाऊ नागपूरले राहते, त्यानं एक जुनी अँटमायनर एस९ मशीन आणली, तिच्यातून बिटकॉइन निघते म्हणे. अर्ध्या मशीनचे म्हणून माझ्याकडून ८००० रुपये घेतले, कमाई अर्धी अर्धी ठरली. घरी लावली तर बिल लय येते म्हणून ग्रामपंचायतीच्या जुन्या वाचनालयाच्या खोलीत लावली, चावी माझ्याजवळच असते. भाऊ म्हणते सरकारी लाईन हाय, तिचं बिल कोण पाहते, फुकटच त हाय. आज ११ दिवस झाले, रात्रंदिवस चालू हाय. सरपंचाले माहीत नाही. शिपाई काका दोनदा विचारून गेले का हा आवाज कायचा, मी सांगितलं नेटचा सर्व्हर हाय. काका, एसटी स्टँडवर, बँकेत सगळे लोक मोबाईल चार्ज करतात, त्याईले कोणी चोर म्हणत नाही, मग हे चोरी झाली का? अन् यातून खरंच पैसे होते का? रात्री झोप येत नाही.

उत्तर :

पोरा, पुढचं वाचायच्या आधी चावी घे आणि जाऊन मशीन बंद कर. प्लग ओढू नको, आधी बोर्डावरचं बटन बंद कर, जमलं तर त्या खोलीचा एमसीबीच खाली पाड, मग पाच-दहा मिनिटं थांबून प्लग काढ आणि त्याच्या पिना पाहा, सॉकेटचं प्लास्टिक पाहा. पिवळं-काळं पडलं असेल, जळका वास येत असेल, तर मी एवढी घाई का करून राहिलो ते तुला तिथेच समजेल.

मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, वीस वर्षं झाली शाळा, समाजमंदिरं, ग्रामपंचायती यांच्याच वायरिंगची कामं करतो, म्हणून तुझं पत्र वाचताना मला बिटकॉइनच्या आधी ती खोली दिसली. एस९ मशीन साधारण १३५० वॅट खाते. २३० व्होल्टवर ते जवळपास ६ अँपिअर झालं. जुन्या वाचनालयात जो साधा लहान सॉकेट असतो तो ५-६ अँपिअरचाच, टेबल फॅन नाहीतर रेडिओसाठी लावलेला. म्हणजे त्याच्या अगदी काठावर तू ११ दिवस, २४ तास लोड ठेवला. आणि जर मधात एक्स्टेन्शन बोर्ड असेल, आपल्याकडे असतोच, तर जिथे जोड ढिला तिथे ठिणगी. इस्त्री १० मिनिटं चालते आणि बंद होते म्हणून वाचतो आपण, ही मशीन थांबतच नाही, आणि खाल्लेली सगळीच्या सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच निघते. एवढी मशीन म्हणजे बंद खोलीत रूम हीटर लावून कुलूप घालून घरी जाणं झालं. कंपनीनं मशीनला बाहेरची हवा ४० डिग्रीपर्यंतच चालते असं सांगितलेलं आहे, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर सावलीतच ४४-४५ असते, टिनाचं छत असेल तर आत काय होत असेल तू विचार कर.

आणि त्या खोलीच्या बाजूला काय आहे ते तू लिहिलं नाही, पण मी जेवढ्या ग्रामपंचायती पाहिल्या तिथे जुन्या वाचनालयाला लागूनच दप्तराची खोली असते. नमुना ८ चे म्हणजे गावातल्या घरांच्या नोंदीचे रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, लाल कपड्यात बांधलेले गठ्ठे. गावातल्या अर्ध्या लोकांकडे आपल्या घराचा दुसरा कोणताच कागद नाही. घरकुल मंजूर करायला, वारसाची नोंद करायला, जातीच्या दाखल्यासाठी आजोबाची जन्मनोंद काढायला लोक त्याच गठ्ठ्यांकडे येतात. ते तू रोज पाहतो, तू तर तिथेच बसतो. म्हणून म्हणतो, आधी बंद कर.

आता तुझा मोबाईलवाला प्रश्न. प्रश्न चांगला आहे, हसण्यासारखा नाही, पुष्कळ लोक हाच विचारतात. एक मोबाईल पूर्ण चार्ज व्हायला जेवढी वीज लागते ती पाहिली तर एका युनिटमध्ये साधारण ४० मोबाईल चार्ज होतात. तुझी मशीन दिवसाला ३२ युनिट खाते, म्हणजे रोजचे १३०० च्या आसपास मोबाईल. तुझ्या गावात तेवढे मोबाईल असतील का? दुसरं माप सांगतो, ५ एचपीची मोटर सात-आठ तास चालेल एवढी ती वीज आहे, म्हणजे गावाच्या पाण्याची टाकी भरून निघेल. पण खरा फरक आकड्यात नाहीच. स्टँडवर लोक मोबाईल लावतात तो सगळ्यांसमोर, कंडक्टर पाहतो, कंट्रोलर पाहतो, कोणी लपवत नाही, कारण ती सोय लोकांसाठीच दिलेली आहे. तू शिपाई काकांना सर्व्हर आहे म्हणून सांगितलं. जे दिलेलं असतं त्याच्याबद्दल खोटं बोलावं लागत नाही रे. तुला हे आतून माहीत आहे म्हणूनच तर पत्र लिहिलं.

भाऊ म्हणतो सरकारी लाईनचं बिल कोण पाहते. मी सांगतो कोण पाहते. मीटर ग्रामपंचायतीच्या नावावर आहे, महावितरणचं बिल दर महिन्याला ग्रामसेवकाच्या टेबलावर येते, कदाचित तूच ते प्रिंट काढून फाईलला लावत असशील. ते भरलं जाते घरपट्टीतून, पाणीपट्टीतून, नाहीतर वित्त आयोगाच्या निधीतून, म्हणजे ज्या पैशात एखादी नाली झाली असती, अंगणवाडीला फिल्टर बसला असता, त्याच्यातून. आणि नाही भरलं तर? आपल्याच भागात जिल्हा परिषदेच्या किती शाळांची लाईन थकबाकीपायी कापली गेली, पोरं उन्हाळ्यात बिनापंख्याची बसली, संगणक कव्हर घालून पडून राहिले, हे तू डोळ्यानं पाहिलं असेल. नळयोजनेची लाईन कापली की बायाच पाण्याचे गुंड-घागरी घेऊन निघतात, भाऊ नाही निघत नागपूरहून.

मला या गोष्टीचा राग जास्त येतो कारण ही वीज आपल्याच भागात तयार होते. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं, कोराडी, खापरखेडा, कोळसा आपल्या जमिनीतला, राख आपल्या छतावर, त्या राखेचा वाळत घातलेल्या कपड्यावरचा थर ज्यानं झटकला त्याला विचारा वीज फुकट आहे का. आणि एवढं होऊनही आपल्या खेड्यात संध्याकाळी लाईन जाते, डीपी जळाली तर बदलून यायला दिवस लागतात, शेतकरी रात्री दोन वाजता मोटर चालू करायला उठतो, साप-विंचवाच्या भीतीनं टॉर्च घेऊन. त्या विजेचा एक सरकारी भाव असेल, पण ती फुकट कधीच नव्हती.

आणि हा विचार काही तुझ्या भावालाच सुचला असंही नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कोहॅसेट म्हणून गाव आहे, तिथे २०२१ च्या डिसेंबरात एका शाळेच्या जमिनीखालच्या पोकळ जागेत ११ कॉम्प्युटर सापडले, शाळेच्याच विजेवर मायनिंग, म्हणजे मशीननं असे कॉइन काढणं, चालू होतं, आणि ते लावल्याचा आरोप आला गावाच्याच एका कर्मचाऱ्यावर, बाहेरच्या कोणावर नाही. मलेशियात मिरी शहरात पोलिसांनी २०२१ मध्ये चोरीच्या विजेवर चालणाऱ्या १०६९ मशीन जप्त करून रोड रोलरखाली चिरडल्या. त्याचे व्हिडिओ पाहा, मशीन ओळखू येतील तुला.

बरं आता पैशाचं, कारण तू विचारलं की यातून खरंच होते का. मायनिंग करणं आपल्या देशात बंद नाही, गुन्हा नाही, ते आधी समजून घे, माझा विरोध मशीनला नाही. साधारण दर १० मिनिटाला जगातल्या सगळ्या मशीन मिळून एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं एक पान, काढतात, २००९ मध्ये एका ब्लॉकला ५० बिटकॉइन मिळत होते, मग २०१२, २०१६, २०२०, २०२४ असं चारदा अर्धं होत होत आता ३.१२५ मिळतात. दिवसाचे १४४ ब्लॉक, म्हणजे ४५० बिटकॉइन, ते सगळ्या जगात ज्याची जेवढी ताकद तेवढ्या हिश्शानं वाटले जातात. तुझी एस९ १३.५ टेराहॅशची, हे तिच्या हिशेब करायच्या ताकदीचं माप. सगळ्या जगाची ताकद १००० एक्झाहॅश (एक एक्झाहॅश म्हणजे १० लाख टेराहॅश) धरली, २०२५ मध्ये ती तिथपर्यंत गेलेली आहे, तर तुझ्या मशीनच्या वाट्याला दिवसाला ६०७ सतोशी येतात, एका बिटकॉइनचे १० कोटी सतोशी होतात. एका बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला तरी ते होतात ४८-४९ रुपये. पूलवाल्याचा, म्हणजे पुष्कळांच्या मशीन जोडून कमाई वाटणाऱ्याचा, कट वेगळा. अर्धे भावाचे. तुझ्या हातात २४ रुपये रोज, एक प्लेट तर्री-पोहे येतील की नाही शंका आहे. तुझे ८००० निघायलाच ३३३ दिवस, तेही भाव पडला नाही आणि मशीन बिघडली नाही तर. कापूस वेचायला जाणारी तुझी काकू एका दिवसात याच्या किती पट आणते ते तिला विचार.

आणि त्या ४९ रुपयांसाठी जळते काय, ३२ युनिट. १० रुपये युनिट पकडलं तरी सव्वातीनशे रुपये रोजचे. गावाचे सव्वातीनशे जाळून तुम्ही दोघं भाऊ मिळून पन्नास रुपयेही कमावत नाही. ११ दिवसांचा हिशेब कर, साधारण ३५६ युनिट, साडेतीन हजारांच्या वर बिल, आणि तुझा हिस्सा पावणेतीनशेच्या आत. ही मशीन २०१६ ची आहे बाप्पा, आजची एस२१ तेवढ्याच विजेत साडेपाच पटीच्या वर काम करते, म्हणूनच जुनी एस९ लोक भंगाराच्या भावात काढतात आणि ज्याच्याकडे फुकटची लाईन आहे असं वाटते त्याच्या गळ्यात येऊन पडते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०२१ मध्ये मीही तीन ग्राफिक कार्डं घेतली होती, घरच्याच मीटरवर, इथेरियम म्हणजे बिटकॉइनसारखंच दुसरं कॉइन काढायला. पहिले काही महिने बरे गेले, मग बिल वाढत गेलं, शंभर युनिटच्या वर घरगुती दर किती उडी मारते ते पहिल्यांदा नीट कळलं, आणि १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं मायनिंगच बंद केलं, एका दिवसात. कार्डं अर्ध्या किमतीत गेली. बायकोनं त्या पैशाचा हिशेब मागितला नाही, मीच वहीत लिहून तिला दाखवला. नुकसान झालं पण मीटर माझं होतं, म्हणून कोणासमोर मान खाली घालायची वेळ आली नाही.

आता एक गोष्ट, जी मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकली आणि तुझ्या कदाचित लक्षातच आली नाही. पैसे येतात कोणाच्या खात्यात? मशीन घरी आणल्यावर दोन मिनिटं लावून पाहा, तू ऑपरेटर आहे, तुला जमते. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाक, मायनर कॉन्फिगरेशनच्या पानावर पूलचा पत्ता आणि त्याखाली वर्कर असं लिहिलेलं असते. तो वर्कर ज्याच्या नावाचा, कमाई त्याची. माझा अंदाज आहे तिथे भावाचं खातं निघेल, तुझं काहीच नाही. आणि पुष्कळ पूल एक ठराविक रक्कम जमल्याशिवाय पैसे सोडतच नाहीत, ती ०.००१ बिटकॉइन असेल तर तुझ्या मशीनला तिथे पोचायला १६५ दिवस लागतील. तोपर्यंत तू स्क्रीनवर आकडा पाहत बसणार. चावी तुझी, खोली तुझ्या ताब्यातली, खोटं तू बोलला, लाईनमन आला तर नाव तुझं, नोकरी तुझी, आणि सतोशी त्याचे. भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यालाही कोणीतरी असंच पटवलं असेल. पण वाटणी अर्धी-अर्धी नाही झाली ही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. वीज कायदा २००३, कलम १३५. लोकांना वाटते चोरी म्हणजे तारेवर आकडा टाकणं, पण ज्या कामासाठी वीज मंजूर झाली ते सोडून दुसऱ्याच कामाला बेइमानीनं वापरणं हेही त्याच कलमात आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि कलम १२६ लावून दुप्पट दरानं बिल काढलं तर ते येईल ग्रामपंचायतीच्या नावावर, म्हणजे पुन्हा गावाच्याच डोक्यावर. सापडणार नाही असं समजू नको, महिन्याला शंभर-दीडशे युनिट खाणारं ऑफिस अचानक हजाराच्या वर गेलं की रीडिंग घेणारा पोट्टाही विचारतो, आणि स्मार्ट मीटर असेल तर रात्री दोन वाजता बंद ऑफिसात सव्वा-दीड किलोवॅट सरळ रेषेत चालू आहे हे तिकडे बसल्या दिसते. भाऊ उद्या म्हणेल मग शेतातल्या मोटरच्या लाईनवर लाव, बळीराजाची मोफत वीज आहे, साडेसात एचपीपर्यंत बिलच नाही. तिथेही नको. ती वीज पंपासाठी दिली आहे, तिचे पैसे सरकार महावितरणला देते, दुसऱ्या कामाला वापरली तर हीच कलमं तुझ्या बाबाच्या नावावर लागतील, कारण कनेक्शन त्यांचं.

आता काय करायचं. उद्या सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मशीन खोलीबाहेर काढ आणि मग सरपंचांकडे स्वतः जा, घरी जा, ऑफिसात चार लोकांपुढे नको. ग्रामसेवकाला बिल येऊन कळायच्या आधी तुझ्या तोंडून कळू दे. फिरवून बोलू नको. "काका, माझ्याकडून चूक झाली, मी ११ दिवस माझी मशीन वाचनालयाच्या लाईनवर चालवली, मला वाटलं फुकट आहे, हिशेब लावला तर ३५६ युनिट होतात, त्याचे पैसे मी भरतो, मला पावती द्या." एवढंच. सरपंच बाई असतील तर ताई म्हण, पण बोल त्यांच्याशीच, त्यांच्या यजमानाशी नाही. पावती नक्की घे, तोंडी माफीवर सोडू नको, दोघांसाठीही ते बरं आहे. रागावतील, रागावू दे. नोकरीवर येईल का? येऊ शकते, मी खोटा धीर देत नाही, आणि गोष्ट महावितरणपर्यंत गेली तर एकटा सह्या करू नको, तालुक्याला एखादा वकील गाठ. पण मी गावं पाहिली आहेत, ज्यानं स्वतः येऊन सांगितलं आणि पैसे मोजले त्याला लोक वेगळं वागवतात, आणि ज्याचं दुसऱ्यानं उघड केलं त्याला वेगळं. शिपाई काकांनाही सांग, त्यांना आधी सांगितलं तरी चालेल. तू त्यांना फसवलं आणि उद्या चौकशी झाली असती तर पहिला प्रश्न त्यांनाच होता, रात्री चावी कोणाजवळ होती म्हणून. त्यांच्या पगारावर त्यांचं घर आहे.

भावाला फोन कर, मशीन घेऊन जा म्हण, ८००० माग. पूर्ण येतील असं नाही, येतील तेवढे घे, पण त्याच्याशी भांडून मामाच्या घरचं जाणं-येणं तोडू नको, फक्त स्पष्ट सांग की माझ्या जागेवर आता ही मशीन लागणार नाही. जे काही सतोशी निघतील त्यावर ३० टक्के टॅक्स आहे १ एप्रिल २०२२ पासून, आणि त्यातून मशीनचा-विजेचा खर्च वजा करता येत नाही, हेही त्याला सांगून ठेव, त्याला माहीत नसेल.

आणि तुला खरंच या मशीनची आवड असेल, मला वाटते आहे, नाहीतर तू यात पडलाच नसता, तर तुला अजून एक हिशेब देतो. घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, पीएम सूर्यघरमध्ये ७८,००० रुपये सबसिडी मिळते, तर आपल्याकडच्या उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास पडतात. त्या १२ युनिटवर एस९ चालवली तर १८ रुपये सुटतात. तेच १२ युनिट घराच्या, पिठाच्या गिरणीच्या नाहीतर कूलरच्या कामी आले, उरले ते महावितरणला गेले, तर बिलातून त्याच्या कितीतरी पट वाचतात. म्हणून मशीन सोड, सोलर शिक. सौर कृषी पंप गावोगाव लागून राहिले, बंद पडले की दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही, कंपनीच्या नंबरवर फोन लावून लावून शेतकरी कंटाळून जातात. तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे, इंग्रजी मॅन्युअल वाचता येते, फॉर्म तूच भरून देतो. शासनाचं सूर्यमित्र ट्रेनिंग असते, त्याची चौकशी कर, आणि दिवाळीनंतर आठ-पंधरा दिवस माझ्यासोबत कामावर यायचं असेल तर ये, मी त्या भागात असतो, डबा मात्र घरून आण.

आणि वाचनालयातला तो सॉकेट जळलेला निघाला तर तसाच ठेवू नको. पंधरा अँपिअरचा नको बसवू, मागची वायर बारीक आहे, तेवढाच पाच-सहाचा चांगला नवा बसव, एमसीबी पाडून, आणि येत नसेल तर गावातल्या वायरमनला बोलव, पैसे तू दे. अशा खोल्यांत परीक्षेची पोरं संध्याकाळी अभ्यासाला बसतात कधी कधी.